प्रतिसाद: यंत्रांआधी नमुन्याकडे बघा

नवी सिक्वेन्सिंग यंत्रं (जनुकांचा क्रम वाचणारी) आली की देशातलं वैद्यकीय संशोधन आपोआप वाढेल, असं एक मत मांडलं गेलंय, त्याला हा प्रतिसाद. अर्धंच पटतं. १९८६ साली केंद्रात जैवतंत्रज्ञान विभाग झाला, तेव्हापासून यंत्रं वाढतच आहेत. काम अडतं ते रुग्णाच्या रक्ताच्या नमुन्यापाशी.

आपल्याकडचंच घ्या. माकडतापाचा (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचा) विषाणू १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत रुग्ण आढळले. सत्तरीतल्या वाळपईला काढलेलं रक्त बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोचेपर्यंत चांगलं राहायला हवं. सीरमसाठी (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव) साध्या नळीतलं रक्त अर्धा तास उभं ठेवून गोठू द्यायचं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून तो वेगळा करायचा. वेगळं न करता अख्खं रक्त फ्रीझरमध्ये ठेवलं तर लाल पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन पीसीआर (विषाणूच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी चाचणी) अडवतं. हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) नळी तर नकोच, तेही पीसीआर रोखतं. ईडीटीए हे दुसरं गोठणरोधक चालतं, पण नळी आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली की पेशी फुटल्याच.

सीरम २००-३०० मायक्रोलिटरच्या छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावं. एकच मोठी कुपी पुन्हापुन्हा वितळवली तर विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय धागा) तुटत जातो. आपल्या पावसाळी दमट हवेत फ्रीझरच्या दाराच्या रबरावर बर्फ साचतो, दार नीट बसत नाही आणि कॉम्प्रेसर थकतो. ते रबर आठवड्याला पुसायला हवं. जनरेटरइतकीच ही कामं करणारी माणसंही महत्त्वाची, पण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तंत्रज्ञाचा पगार सगळ्यात आधी कापला जातो, हे मला फार खटकतं.