डी ड्राइव्हवरील फाइलची जुनी आवृत्ती सापडत नाही

प्रश्न :
नमस्कार. वडिलांच्या हस्तलिखित आठवणी टंकित करून ठेवलेली वर्डची फाइल माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर आहे. परवा तिच्यातील चाळीसेक पाने चुकून पुसली गेली आणि ते ध्यानात येण्यापूर्वीच मी फाइल सेव्ह करून बंद केली. विंडोज 11 मधील फाइल हिस्ट्री, म्हणजे फाइलींच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर आपोआप ठेवणारी सोय, वर्षभर चालू आहे, बाह्य हार्डडिस्कही कायम जोडलेली असते. तरीही प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ रिकामेच दिसते. असे का व्हावे?

उत्तर 1 :
फाइल हिस्ट्री मूळ मांडणीनुसार दर तासाला बदललेल्या फाइलींच्या प्रती घेते. मात्र त्या संपूर्ण संगणकाच्या नव्हे, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या लायब्ररींतील (विंडोज एकत्र दाखवते त्या फोल्डरांच्या गटांतील) फाइलींच्याच. आपले डी ड्राइव्हवरील फोल्डर कोणत्याही लायब्ररीत समाविष्ट नसेल, तर डिस्क वर्षभर जोडलेली असूनही त्याची एकही प्रत निघालेली नसणार, आणि तशी सूचनाही कोठे मिळत नाही, हे मला फार खटकते. तरी खात्रीसाठी बाह्य डिस्कवरील ‘फाइलहिस्ट्री’ फोल्डरमध्ये शोधून पाहावे. तेथे प्रत्येक प्रतीच्या नावात तारीख व वेळ असते. ती वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते.

उत्तर 2 :
वर्डच्या ऑटोरिकव्हरवर फार भिस्त ठेवू नये, कारण ती सोय संगणक अचानक बंद पडल्यास कामी येते; फाइल रीतसर सेव्ह करून बंद केली की तिची तात्पुरती प्रत सहसा काढून टाकली जाते. एक शक्यता मात्र उरते. वर्ड सेव्ह करताना बहुधा नवी फाइल लिहून जुनी पुसतो, त्यामुळे जुना मजकूर डिस्कवर काही काळ शिल्लक असू शकतो. तेव्हा डी ड्राइव्हवर काहीही नवे न लिहिता, रिकव्हरी सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवावे. डी ड्राइव्ह एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारा) असेल, तर ट्रिममुळे, म्हणजे पुसलेल्या मजकुराची जागा आपोआप मोकळी करणाऱ्या व्यवस्थेमुळे, आशा फारच थोडी.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. फोल्डर खरोखरच लायब्ररीत नव्हते. ड्राइव्ह एसएसडी असल्याने सॉफ्टवेअरला काही सापडले नाही. मात्र मुद्रितशोधनासाठी बहिणीला ईमेलने पाठवलेली मागील महिन्याची प्रत मिळाली. नऊ पाने पुन्हा टंकित करावी लागतील. फोल्डर आता डॉक्युमेंट्स लायब्ररीत जोडले असून तासाभराने पहिली प्रत निघाल्याचे डिस्क उघडून पाहिले.