गर्द सुटलेला मुलगा घरी येतोय, काय सांभाळायचं?

कुळागर:
गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका घरासाठी विचारतोय. मुलगा 25 वर्षांचा, गर्द म्हणजे ब्राउन शुगर ओढायचा. 3 महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून पुढच्या आठवड्यात घरी येतोय. टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, केव्हाच उतरली, अंगही भरलंय. घरच्यांना वाटतं, धोका टळला. खरंच टळला का?

रात्रपाळी:
नाही, उलट आताच सांभाळायचं. टर्कीत हाल फार होतात, पण गर्दाच्या टर्कीने सहसा जीव जात नाही. जातो तो सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. रोज ओढणाऱ्याचं शरीर सरावलेलं असतं. 3 महिन्यांत तो सराव पार उतरतो, हाताला मात्र जुनंच माप आठवतं. जुना सोबती भेटतो, पूर्वीइतकाच माल फॉइलवर जातो आणि श्वास मंदावत जातो.

घात होतो तो इथे: "गाढ झोपलाय, घोरतोय" म्हणून घरचे दार ओढून घेतात. ती घुरघुर झोपेची नसते, जीभ मागे पडून श्वासाची वाट अडलेली असते. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छाती बघा. एरवी 12 ते 20 श्वास होतात. 8-10च्या खाली आले, ओठ-नखं निळसर दिसली, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या, तर थांबू नका. छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोरात चोळा. उठला नाही तर 108 लावा आणि "श्वास नीट चालत नाही" हे पहिल्या वाक्यात सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून. थांबलाच तर उताणा करा, हनुवटी वर, नाक दाबून दर 5-6 सेकंदांना तोंडाने एक श्वास द्या. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला घ्या. मिठाचं पाणी, कॉफी, बादलीभर थंड पाणी यांत फक्त वेळ जातो.

मांडवीकाठ:
यात एक भर. हॉस्पिटलात नॅलॉक्सोनचं, म्हणजे गर्दाचा असर तोडणारं, इंजेक्शन दिलं की माणूस काही मिनिटांत उठून बसतो आणि घरी चला म्हणतो. नेऊ नका. त्याचा असर 30 ते 90 मिनिटं, गर्द त्याहून जास्त रेंगाळू शकतो. इंजेक्शनचा असर ओसरला की श्वास पुन्हा मंदावतो.

आणि आपल्याकडचं खास: "गर्द सुटला ना, मग थोडा हुर्राक (काजूची हलकी दारू) चालेल." नाही चालणार. दारू किंवा झोपेच्या गोळ्या पोटात असताना थोडा गर्दही श्वास बंद पाडायला पुरतो.

कुळागर:
पोलीस केस होईल म्हणून 108 लावायलाच घाबरतात हो.

रात्रपाळी:
आधी फोन, मग वकील. शिवाय 1985च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात कलम 64अ आहे: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्या गुन्ह्यापुरतं संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

मांडवीकाठ:
घरी येण्याआधीच बांबोळीच्या मनोविकार संस्थेत दाखवून ठेवा. 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही विचारता येईल. डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन (गर्दाची तलफ आवरणारं औषध) की नॅलट्रेक्सोन (गर्दाचा असर अडवणारी गोळी), हे स्पष्ट विचारा. नॅलट्रेक्सोन शेवटच्या पुडीनंतर साधारण 7 ते 10 दिवस गेल्याशिवाय देत नाहीत, नाहीतर टर्की एकदम उसळते. ती चालू असताना गर्द चढत नाही, पण बंद केली की जुनं माप पुन्हा तेवढंच घातक. म्हणून ती गोळी आईने समोर बसवून द्यावी, पाणी पाजावं, तोंड उघडून बघावं. बऱ्याच गोळ्या गालातून खिशात जातात.