मदत हवी आहे: सॉफ्ट प्लास्टिकसाठी रॉड, मीडियम घेऊ की मीडियम हेवी?

घाईत_गळ
सरळ मुद्द्यावर येतो. सॉफ्ट प्लास्टिक, म्हणजे गळाला लावायचे मऊ नकली मासे, वापरायला सुरुवात केली आहे, त्यासाठी नवा रॉड हवा. सध्याचा ९ फुटी आहे. त्यावर जिग (शिसं लावलेला गळ) लांब जातच नाही, आणि पाण्यात गेल्यावर तळ लागला की मासा लागला, काही म्हणजे काही कळत नाही. ७ फुटी मीडियम आणि ७ फुटी मीडियम हेवी असे दोन निवडून ठेवलेत. कुठला घेऊ? रात्रीपर्यंत ऑर्डर टाकायची आहे, तेव्हा 'आधी बेसिक शिका' वगैरे नको. एका शब्दात सांगितलंत तरी चालेल.

खाजणातला
एका शब्दात: ग्रॅम.
मीडियम, मीडियम हेवी हे प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने छापते. एकीचा मीडियम तो दुसरीचा मीडियम लाइट. मुठीच्या जरा वर ब्लँकवर, म्हणजे रॉडच्या दांडीवर, बारीक अक्षरांत 'ल्युअर (नकली आमिष) इतके ते इतके ग्रॅम' असं असतं. दोन्ही रॉडचे ते आकडे द्या. शिवाय जिग किती ग्रॅमचा, प्लास्टिक किती इंची, लाइन कुठली आणि किती जाड, मासा कुठला, उभं कुठे राहायचं, हेही सांगा.

घाईत_गळ
मीडियम: ५–१८ ग्रॅम. मीडियम हेवी: १०–३० ग्रॅम. दोन्ही फास्ट. जिग पाव औंस, प्लास्टिक नेहमीचं पॅडलटेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं), लाइन साधी, किनाऱ्यावरून. आता सांगा.

टीप_टॉप
पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम. मीडियम घ्या. विषय संपला.

तंगूस
संपला कसा? ७ ग्रॅम हे नुसत्या शिशाचं वजन झालं. रॉडवरचा आकडा जे काही हवेत उडणार त्या सगळ्याचा असतो, प्लास्टिक धरून. ३ इंची पॅडलटेल चार-पाच ग्रॅमचं, ४ इंची आठ-नऊचं, आणि ५ इंची जाड पोटाचं असेल तर पंधराच्याही पुढे. 'नेहमीचं' हे काही माप नाही. तराजूवर ठेवा.

मावळतीची_खेप
कशाला हा खटाटोप? जिवंत कोळंबी लावा. डोक्यावरच्या काट्याच्या जरा मागून, काळ्या ठिपक्याला धक्का न लावता गळ घालायचा, कोळंबी तासभर जिवंत राहते. ९ फुटी रॉड त्याला उत्तम आहे.

घाईत_गळ
कोळंबीबद्दल विचारलेलंच नाही.
वजन केलं. सगळं मिळून १६ ग्रॅम, प्लास्टिक ४ इंची. लाइन नायलॉन, ०.४० मिमी. मासा जिताडा, मधूनमधून तांबोशी.

खाजणातला
बघा, उत्तर सरकलं. १६ ग्रॅम हा ५–१८ च्या अगदी टोकाला बसतो. फेकला जाईल, पण पूर्ण जोर लावलात की रॉड मुळापर्यंत वाकतो, जिग सुटायची वेळ चुकते आणि तो उंच जाऊन जवळच पडतो. १०–३० मध्ये १६ मधल्याच्या किंचित खाली, म्हणजे आरामात. छापलेल्या आकड्यांतला मधला भाग आपला धरायचा, दोन्ही टोकं अडीनडीला.
तुमच्या ९ फुटीवर काय छापलंय? ४०–८० असं काही असणार. १६ ग्रॅमने तो वाकतच नाही. आणि रॉड वाकला नाही तर जिगला ढकलणार कोण? नुसता हात.

घाईत_गळ
४०–१००. म्हणजे मीडियम हेवी. धन्यवाद, टाकतो ऑर्डर.

टीप_टॉप
थांबा. जिताड्याला सगळं मिळून १६ ग्रॅम आणि उघडा जिगहेड (शिशाच्या डोक्याचा, टोक उघडं असलेला गळ) असेल तर मीडियमच बरा. बारीक तारेचा गळ सहज रुततो, जोर लागत नाही. ताठ रॉडने झटका दिलात तर तोंड फाटून मासा सुटतो. शिवाय प्लास्टिकवर मासा बहुतेक वेळा जिग खाली जाताना येतो, तोंडात ओढून घेतो. मऊ टोक त्याला ते गिळायला क्षणभर जास्त देतं. कडक टोकावर नुसता 'टक्' येतो आणि हातात काही नाही.

शिसंवाला
टीप_टॉप, तुमचं उघड्या जिगहेडबद्दल बरोबर आहे. पण यांनी अजून गळ कुठला ते सांगितलेलंच नाही. जिताडा आहे म्हणजे आजूबाजूला मुळं, खांब, बुडालेली झाडं असणारच. तिथे उघडा गळ कितीसा टिकणार?

घाईत_गळ
हो, तिवरांच्या मुळांतच टाकतो. उघडा अडकायचा म्हणून ४/० आकाराचा ऑफसेट (मानेत वाकवलेला) गळ लावतोय, पोटाला शिसं असलेला. टोक प्लास्टिकच्या पाठीत लपवलेलं. मी त्यालाच जिग म्हणत होतो.

तंगूस
साहेब, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

शिसंवाला
मग आता उत्तर पक्कं: १०–३०, फास्ट. कारण असं. उघड्या जिगहेडला फक्त माशाचं तोंड भेदायचं असतं. लपवलेल्या टोकाला आधी प्लास्टिकची पाठ फाडून बाहेर यावं लागतं, मग तोंड, आणि ४/० ची तार जाड. त्याला खालच्या दोन तृतीयांश भागात ताकद असलेला रॉड लागतो. फास्ट म्हणजे वरचा साधारण एक तृतीयांश वाकतो आणि त्याखाली थांबतो. ते थांबणंच गळ रुतवतं. शिवाय जिताडा गळ बसताक्षणी मुळांकडे वळतो. पहिल्या दोन सेकंदांत डोकं फिरवता आलं नाही तर पुढे रॉड कुठला होता याला अर्थ राहत नाही.

टीप_टॉप
किंवा ३/० चा बारीक तारेचा ऑफसेट घ्या आणि मीडियमच ठेवा. गळ बदलणं रॉड बदलण्यापेक्षा सोपं. प्लास्टिकच्या पाठीला ब्लेडने उभी चीर दिली आणि टोक फक्त कातडीखाली ठेवलं तर झटकाही कमी लागतो.

शिसंवाला
चीर चालेल. बारीक तार मुळांत सरळ होते, मग गळ राहतो आणि मासा जातो.

टीप_टॉप
ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, दाबून ठेवलात तर होते. नीट लावला तर नाही.

शिसंवाला
मुळांपासून हातभर अंतरावर ड्रॅग 'नीट' लावून मासा पळू द्यायचा? असो.

बॅकलॅश_बुवा
एवढं सगळं बोललात आणि बेटकास्टिंगचं (फेकताना लाइनची रीळ म्हणजे स्पूल फिरतो ते रील) नाव नाही! १६ ग्रॅम, अडचणीची जागा, नेमका टप्पा: हे कामच बेटकास्टरचं. अंगठ्याने स्पूल थांबवून प्लास्टिक दोन मुळांच्या मधोमध ठेवता येतं. स्पिनिंगवर, म्हणजे फेकताना स्पूल न फिरणाऱ्या रीलवर, ते जमतच नाही.

खाजणातला
जमतं. सुटणारी लाइन स्पूलच्या कडेला बोट टेकवून रोखायची. यांच्याकडे स्पिनिंग रील असणार, आणि रात्री ऑर्डर टाकायची आहे. समोरून वारा असताना हलकं प्लास्टिक फेकून बेटकास्टर शिकायला लावलंत तर हे नुसते गुंते सोडवत बसतील.

बॅकलॅश_बुवा
ब्रेक दोन घर जास्त ठेवला की गुंता होत नाही. चालू द्या तुमचं.

तंगूस
रॉड ठरला असेल तर खरा गुन्हेगार बघू: ती ०.४० ची नायलॉन. भार आला की नायलॉन लांबतो. पंचवीस मीटरवर तुम्ही रॉड उचलता तेव्हा आधी लाइन ताणली जाते आणि गळापर्यंत झटका पूर्ण पोचत नाही. 'काही कळत नाही' याचं निम्मं कारण रॉड, निम्मं हे. शिवाय जाड लाइन पाणी धरते, प्लास्टिक खाली जायला वेळ घेतं आणि प्रवाहात लाइनला पोट येतं. त्या पोटामुळे माशाचा धक्का हातापर्यंत येतच नाही.
ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन घ्या, पीई १.५ (हा जाडीचा नंबर). जाडी साधारण ०.२० मिमी, म्हणजे तुमच्या निम्मी. व्यास निम्मा म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ पाव. पुढे ३० पाउंडी फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळ जोडायचा वेगळ्या लाइनचा तुकडा. जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी असते, नुसतं ब्रेडेड तिथे क्षणभर टिकत नाही.

घाईत_गळ
लीडर किती लांब? आणि रॉडला ४० टन कार्बन असा एक तिसराही दिसतोय, तो जास्त मजबूत ना?

तंगूस
लीडर ६०–७० सेंमी. गाठ टोकाच्या रिंगेबाहेर राहिली पाहिजे, म्हणजे फेकताना ती रिंगांत आपटत नाही.

टीप_टॉप
मुळांत ६० सेंमी कमी पडतं. दीड मीटर घ्या, एफजी गाठ मारा. एफजी सपाट असते, रिंगांतून आवाज न करता जाते. डबल युनी असेल तर मग मात्र गाठ बाहेर ठेवा, ती जाड होते आणि तिचं कापलेलं टोक रिंगेत अडतं.

तंगूस
नवख्याला हलत्या प्रकाशात, वाऱ्यात एफजी बांधायला सांगताय.

टीप_टॉप
घरी दहा बांधायच्या, निघताना बांधून न्यायच्या. ब्रेडेड लीडरवर आळीपाळीने वरून-खालून अठरा-वीस वेढे, मग चार-पाच अर्धगाठी, ओली करून आवळायची. नीट आवळली की वेढ्यांचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर ती निसटणार, परत बांधा.

खाजणातला
४० टनबद्दल: तो आकडा मजबुतीचा नाही, ताठरपणाचा आहे. जास्त टनाचं कार्बन असेल तर तितक्याच ताठपणाला कमी माल लागतो, भिंत पातळ होते, रॉड हलका आणि माशाचा धक्का लख्ख कळणारा होतो. पण पातळ भिंत टोला खात नाही. होडीच्या कडेला आपटला, शिशाचं वजन उडून ब्लँकवर लागलं, की तिथे केसाएवढी चीर पडते आणि तीन आठवड्यांनी साध्या झटक्याला 'कट्ट'. तिवरांत हिंडणाऱ्याला २४ किंवा ३० टन पुरे.

शिसंवाला
आणि रॉड मोडायचे खरे दोन प्रसंग ध्यानात ठेवा, दोन्हींत दोष कंपनीचा नसतो. एक: मासा पायाशी आल्यावर रॉड डोक्यामागे नेणं. लाइन आणि मूठ यांच्यातला कोन ९० अंशांच्या पुढे गेला की सगळा भार बोटाएवढ्या टोकावर येतो. दोन: अडकलेला गळ रॉड वाकवून ओढणं. अडकला की रॉड लाइनच्या सरळ रेषेत धरा, लाइन लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा आणि मागे सरका. हाताला गुंडाळू नका, ब्रेडेड बोट कापतं.

मी_फक्त_वाचते
अवांतर, पण विचारते. माझी सॉफ्ट प्लास्टिकं डब्यात एकमेकांना चिकटून चिखल झाली आहेत. गरमीने का?

तंगूस
ताई, गरमीने कमी, जातीने जास्त. साधी असतात पीव्हीसीची, ती मऊ राहावीत म्हणून त्यांत तेलासारखा द्रव असतो. ताणली की चौपट होणारी वेगळी, इलास्टोमरची (रबरासारख्या मालाची). दोन्ही एकत्र ठेवली की एकातला द्रव दुसऱ्याला विरघळवतो. काही डब्यांचं प्लास्टिकही वितळतं. ज्या पिशवीत आली तिथेच ठेवा, प्रकार वेगळे, गडद रंग वेगळे.

घाईत_गळ
धागा माझा आहे हो.
ठीक: १०–३०, फास्ट, ७ फूट, ३० टन, पीई १.५, लीडर ३० पाउंड. जुनं रील चालेल ना? ६००० नंबरचं आहे.

खाजणातला
६००० वजनाला ४५० ग्रॅमच्या आसपास असेल. ७ फुटी रॉडवर ते मुठीला लोंबेल. दिवसभर फेकायचं असतं, मनगट दुखलं की टोक खाली येतं आणि प्लास्टिक तळाशी मेल्यासारखं पडून राहतं. ३००० घ्या, अडीचशे ग्रॅमच्या आत. रील लावून रॉड एका बोटावर तोला. रीलच्या पायाच्या जरा पुढे तोल आला की झालं.
ड्रॅग मोजून लावा. लाइनच्या ताकदीचा पाव हिस्सा: २५ पाउंडी असेल तर २.८ किलोच्या आसपास. मुळांजवळ थोडा जास्त. लाइनच्या टोकाला वजनकाटा अडकवून रॉड उभा धरून ओढलं की कळतं, हाताच्या अंदाजाने मोजू नका.

घाईत_गळ
रीलचं आधी का नाही सांगितलंत!

तंगूस
तुम्ही आधी का नाही सांगितलंत.

शिसंवाला
रॉड हातात आला की दोन गोष्टी आधी. एक: प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे चरा आहे, ब्रेडेड तिथेच तुटणार. स्टीलच्या मुलाम्याच्या रिंगांवर ब्रेडेड काही महिन्यांत खोबणी पाडतं, सिरॅमिक किंवा एसआयसीवर (सिलिकॉन कार्बाइडवर) नाही. दोन: रॉड दोन तुकड्यांचा असेल तर जोडावर मेणबत्ती एकदा हलकेच घासा, जोडताना पाव वळसा फिरवून बसवा. फेकता फेकता जोड सैल होतो, अर्ध्या तासाने एकदा चाचपा. सैल जोडावर जोर पडला की तिथूनच मोडतो.

टीप_टॉप
आणि प्लास्टिक गळावर सरळ बसलंय का बघा. शेपूट पाण्यात डावी-उजवी थरथरली पाहिजे. आख्खं प्लास्टिक गोल फिरत असेल तर ते तिरकं ओवलंय, काढून परत ओवा. फिरतं प्लास्टिक ब्रेडेडला पीळ घालतं, मग दहाव्या फेकीला रिंगेत वेटोळं. तेव्हा रॉडला शिव्या देऊ नका.

मावळतीची_खेप
आणि जुना ९ फुटी? तो विकू नका. कोळंबी.

घाईत_गळ
ऑर्डर टाकली. मीडियम हेवी. रील उद्या.
४/० सोबत ५ इंची प्लास्टिक चालेल का, तेवढं कुणी सांगा.

तंगूस
चालेल, पण वजन करा.