विषय: दुधी गळण्याबाबत

(बोरिवलीहून)
सप्रेम नमस्कार. गच्चीवरील दुधीचा वेल मांडवभर पसरला आहे. परंतु बोटाएवढा झालेला प्रत्येक दुधी पिवळा पडून गळतो. गेल्या वर्षी एकत्र मागवलेला फळमाशीचा सापळा शेजारीच टांगला आहे, त्यात एकही माशी आलेली नाही. वाटलेले बियाणेच सदोष होते काय?

(मुलुंडहून)
बियाणे मी वाटले आणि त्याच पुडीतील वेलाला माझ्याकडे तीन दुधी लागले आहेत. सापळ्यातील मिथाइल युजेनॉल आंब्यावरील माशीच्या नरांना ओढते. दुधी-कारल्यावरील माशीसाठी क्यू-ल्यूर लागते, हे मी तेव्हाच लिहिले होते, पण माझी पत्रे वाचतो कोण! गळलेला दुधी चिरून पाहावा. आत अळी नसेल, तर माशीला बोल लावू नये.

(दादरहून)
सापळे मी आणले होते आणि ते हापूसच्या कलमांसाठीच होते. दुधीच्या मांडवाला टांगा, असे मी कोणालाही सांगितलेले नाही.

(बोरिवलीहून)
पाच दुधी चिरले, अळी नाही. रोज सकाळी सात वाजता कारल्याबरोबरच दुधीच्या फुलांवरही ब्रश फिरवतो, त्यामुळे परागीभवनाची अडचण नसावी. आखातात असताना हिवाळ्यात काकडीला हाच उपाय लागू पडत असे.

(ठाण्याहून)
भाऊ, अडचण तिथेच आहे. कारले, काकडी आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका यांची मात्र संध्याकाळी, आणि आपण ब्रश घेऊन जाता तोवर ती मलूल झालेली असतात. दिवेलागणीला वर जावे. ज्या फुलामागे इवलासा लवदार दुधी दिसतो ते मादी फूल. नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या मागे मुडपून, केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. पावसाने पराग भिजले की सारे व्यर्थ, म्हणून श्रावणात मी एका हाताने छत्री धरते. शेजारी हसतात, आणि नंतर दुधी मागायला येतात.

(बोरिवलीहून)
वहिनी, आभार. चार दिवसांपूर्वी सायंकाळी तीन फुलांना केसर लावला होता. एक सरीने गेले, उरलेल्या दोहोंमागचे दुधी हिरवेगार असून तळहाताएवढे झाले आहेत. बियाण्यावर शंका घेतल्याबद्दल मुलुंडच्या काकूंची क्षमा मागतो.

(मुलुंडहून)
क्षमा केली. एक दुधी वेलावरच जून होऊ द्यावा. पुढील वाटपासाठी बी माझ्याकडेच पाठवावे.

(दादरहून)
आणि सापळा मला परत करावा.