मदत हवी आहे : घाटाच्या एस.टी.त न गळणारा कॉफीचा थर्मास

नमस्कार मंडळी. मी परतवाड्याला राहते आणि मेळघाटातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी सेमाडोहकडे जाणारी एस.टी., फाट्यावर उतरून पुढे आमच्या सरांच्या गाडीवर मागे बसून शाळेपर्यंत. फाट्यानंतर नुसती उखडलेली गिट्टी. गावात हॉटेल नाही. शाळेत पोषण आहाराची चूल असते, पण ती मुलांच्या खिचडीसाठी आहे, तिथे माझं भांडं ठेवणं मला पटत नाही.

म्हणून कॉफी घरूनच नेते. चिखलदऱ्याची पूड मिळाली तर तीच. आपल्याच डोंगरात पिकते, चवही छान असते. साडेसहाला भरलेली कॉफी दुपारच्या सुट्टीत, एकच्या सुमारास, चांगली गरम मिळावी एवढीच अपेक्षा.

गरम राहण्याची अडचण नाही. सध्याचा थर्मास स्टीलचा, दुहेरी भिंतीचा आहे. कढत कॉफी भरली तरी बाहेरून हाताला गरम लागत नाही, म्हणजे दोन भिंतींमधली पोकळी शाबूत आहे. सगळा त्रास झाकणाचा. वर बटन आहे, ते दाबून ओतायचं. टेबलावर उभा असला की थेंब गळत नाही, पण घटांगच्या वळणांवर बॅग आडवी झाली की कॉफी झिरपते. बॅगेत हजेरीपट असतो, वह्या असतात. आमच्या शाळेतली बरीच मुलं घरी कोरकू बोलतात. त्यातल्या एकाने पहिल्यांदा स्वतःच्या मनाने मराठीत लिहिलेलं अख्खं पान भिजलं, अक्षरं फुटली. ते मला फार लागलं.

दुकानदार गार पाणी भरून थर्मास उलटा धरून दाखवतात. त्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. कढत कॉफी भरली की आतली हवा तापून फुगते, वाफ धरते, आणि तो दाब झाकणावर येतो. वरून रस्त्याचे हिसके.

तर बटन असलेल्या झाकणात न गळणारं काही मिळतं का, की तो नादच सोडू? झाकणाचं रबर सुटं मिळेल असा कोणता थर्मास आहे? स्टील ३०४ असावं म्हणतात, ते कॉफीसाठी खरंच गरजेचं आहे का? अर्धा लिटर पुरे. हजार रुपयांपर्यंत जमेल. कॉफी दुधाची असते, हेही सांगून ठेवते.

प्रतिसाद, वऱ्हाडी वाहक :
ताई, बटनवालं झाकण घेऊच नका. मी एस.टी.त वाहक आहो, थर्मास रोज संगं रायते. बटनाच्या खाली बारीक स्प्रिंग अन वायसर असते, त्याच्यात दुधाची साय अटकते, मंग ते बराबर बसत नाही. साधं आट्याचं झाकण पाहा, वरून कप बसते ते. उघडाले जरा वेळ लागते, पण आडवं झालं तरी फिकर नाही. अन गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा सोडा.

प्रतिसाद, सेवाग्रामची मावशी :
बाई, झाकणाआधी दुधाचं बघा. दुधाची कॉफी सहा-सात तास थर्मासात ठेवू नये. ६० अंशांच्या खाली उतरली की दुधात जिवाणू वाढायला लागतात, आणि थर्मास तिला तासन्‌तास तसंच कोमट ठेवतो. टायगर, झोजिरुशी या जपानी कंपन्याही थर्मासात दूध ठेवू नका असंच सांगतात. थर्मासात कोरी कॉफी न्या, दुधाची भुकटी वेगळ्या डबीत. झाकणात साय अटकणंही आपोआप थांबेल.

३०४ जरूर घ्या. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, कॉफीच्या आंबटपणाने ते गंजत नाही. आयएसआयची खूण आणि आयएस १७५२६ हा क्रमांक बघून घ्या. तोंड अरुंद असलेला बरा, कारण उष्णता जास्त करून तोंडातूनच जाते. भरण्याआधी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, मग ते फेकून कॉफी भरा. रबर दर वेळी काढून धुवा. वास आला तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून भिजवा. ब्लीचिंगचं पाणी मात्र कधीच नको, त्यातल्या क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

मूळ प्रश्नकर्ती :
मावशी, दुधाचं हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सोमवारपासून कोरी कॉफीच नेते. वाहकदादा, आट्याचं झाकण पक्कं केलं. पण घेतल्यावर पारखू कसं? थेट घाटात न्यायची हिंमत नाही.

प्रतिसाद, वऱ्हाडी वाहक :
घरीच पारखा. उकळतं पाणी भरा, झाकण घट्ट लावा, चांगलं हलवा, मंग जुन्या पेपरवर रातभर आडवा ठेवा. सकाळी पेपर कोरडा दिसला तर न्या. ओला दिसला तर त्याच दिवशी दुकानात वापस. पावती फेकू नका. अन घेतानाच दुकानदाराले सुटं रबर मागा. नाही म्हणत असंन तर दुसरं दुकान पाहा.