मांडीचा घेर आणि आतली रचना
सायकल शर्यतीत मांडी जितकी जाड तितका स्प्रिंट (थोड्या अंतरात पूर्ण ताकदीने मारलेली मुसंडी) जोरदार, असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. जर्मनीचा ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फोर्स्टेमान याने ७०० वॅटचा टोस्टर नुसतं पेडल मारून चालवला, पावाची स्लाइस भाजली आणि मग बिचारा जमिनीवर आडवाच झाला! पण नुसता घेर मोजून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूंतले तंतू तिरके बसलेले असतात. तिरकेपणा जास्त, तर तेवढ्याच जागेत जास्त तंतू मावतात आणि जोर वाढतो. तंतू लांब असतील तर स्नायू भराभर आखडतो. पॉवर म्हणजे जोर गुणिले वेग, म्हणून तिला दोन्ही लागतं, कारण ट्रॅकवर (सायकल शर्यतीच्या गोल धावपट्टीवर) पेडल मिनिटाला १२० च्या वर फिरतं. रस्त्यावरच्या शर्यतीत हवाही आडवी येते. ब्रिटिश स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्स या शर्यतीचे ३५ टप्पे जिंकले, ते हँडलवर पुरतं झुकून, वारा चुकवत.