शब्दचर्चा : ‘ऑथेंटिक फेथ’ला मराठीत काय म्हणाल? अस्सल, जिवंत, की निष्कपट?

प्रश्न

सगळ्यांना सलाम. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) तरुणसंघाचा मेळावा आहे आणि विषय आलाय ‘ऑथेंटिक ख्रिश्चन फेथ’. आता पोस्टरवर मराठीत काय लिहायचं यावरून कमिटीत तीन तट पडलेत. एकाला ‘अस्सल ख्रिस्ती विश्वास’ हवंय, एकीला ‘खरी श्रद्धा’, आणि पाळकसाहेब म्हणतात ‘जिवंत विश्वास’ लिहा. शिवाय खाली कुणीतरी ‘आपला विश्वास जगा’ असं टाकलंय, ते मला वाचताना अडखळतंय पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. शब्द नुसता छान वाटणारा नको, मुलांनी त्यावर दोन दिवस विचार करावा असा हवा. जाणकारांनी मदत करा.

नगरी

‘अस्सल’ नको ताई. तूप अस्सल असतं, सोनं अस्सल असतं, म्हणजे माल पारखायचा शब्द आहे तो. माणसाच्या विश्वासाला लावला की लगेच नकली कोण ते शोधणं सुरू होतं. जुन्या घराण्यातले ख्रिस्ती अस्सल की नव्यानं आलेले, आमची मंडळी अस्सल की समोरची, हे वाद आपल्याकडे आधीच कमी आहेत का?

जुना वाचक

नगरीदादांशी सहमत, आणि शब्द बाहेर शोधायची गरजच नाही, आपल्या बायबलमध्ये आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच प्रेषित पौल ‘निष्कपट विश्वास’ म्हणतो. तो विश्वास आधी तीमथ्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आई युनीकेमध्ये आणि आता तुझ्यातही आहे असं त्याला लिहितोय.

तिथला मूळ ग्रीक शब्द आहे अनुपोक्रितोस. सुरुवातीचा ‘अन’ म्हणजे नाही, आणि पुढचा भाग ज्या हुपोक्रितेसशी जोडलेला आहे तो म्हणजे ग्रीक रंगभूमीवरचा नट, मुखवटा घालून दुसऱ्याचं सोंग वठवणारा. इंग्रजीतलं हिपोक्रिट तिथूनच आलं. येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथातल्या लोकांना, ‘अहो ढोंग्यांनो’ म्हणतो तिथंही हाच नट आहे. म्हणजे निष्कपट विश्वास म्हणजे ज्यात सोंग नाही, जो प्रेक्षकांसाठी चाललेला नाही असा विश्वास. डोंगरावरच्या प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल तो हेच सांगतो ना, की लोकांनी बघावं म्हणून करू नका. त्याची तक्रार दानाबद्दल नाहीच, दान देताना डोळा कुणाकडे आहे त्याबद्दल आहे.

गंमत अशी की हाच ग्रीक शब्द रोमकरांस पत्रात बाराव्या अध्यायात प्रीतीला लावलाय आणि तिथं मराठीत ‘प्रीतीमध्ये ढोंग नसावे’ असं आलंय. मराठीत दोन वेगळी रूपं झाल्यामुळे वाचताना आपल्या ध्यानात येत नाही, पण विश्वासाची आणि प्रीतीची कसोटी पौलानं एकाच शब्दानं लावलीय. मला तर वाटतं मेळाव्यातल्या एका सत्राला एवढं पुरेसं आहे.

वसईची

आमच्याकडे चर्चमध्ये ‘श्रद्धा’ जास्त ऐकू येतं, श्रद्धा, श्रद्धावंत, भाविक. ‘विश्वासणारे’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो नगरच्या मैत्रिणीकडून. मला श्रद्धा जवळचा वाटतो कारण त्यात आदर आहे, भक्ती आहे, देवासमोर वाकणं आहे. विश्वास काय, बँकेवरपण असतो.

जुना वाचक

वसईच्या ताई, श्रद्धा शब्द सुंदरच आहे, त्याला विरोध नाही. पण ‘विश्वास’चं मराठीतलं पूर्ण कुटुंब बघा. विश्वास बसतो, ठेवतो, टाकतो, उडतो, त्याचा घातही होतो. म्हणजे दोन बाजूंचं नातं आहे, समोर कुणीतरी आहे आणि तो किंवा मी शब्द मोडू शकतो. श्रद्धा मी एकटा बसूनही बाळगू शकतो. आणि विश्वासपासून ‘विश्वासू’ होतो, ही मराठीची मोठी सोय आहे, कारण ग्रीकमधल्या पिस्तिस या एकाच शब्दात दोन्ही अर्थ आहेत, विश्वास ठेवणं आणि विश्वासाला पात्र राहणं. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांच्या यादीत ‘विश्वासूपणा’ आहे ना, तिथं मुळात पिस्तिसच आहे. हिब्रूतला विश्वासासाठीचा शब्द एमुना घ्या, स्थिर, खंबीर असण्याचा शब्द, आणि आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते ‘आमेन’ त्याच धातूतलं. तेव्हा देवावर माझा विश्वास आहे हे अर्धंच झालं, देवानं आणि शेजाऱ्यानं माझ्यावर विश्वास ठेवावा असा मी आहे का हा उरलेला अर्धा. बँकेचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून म्हणतो, हिशेबाच्या वहीत, दुकानाच्या वजनकाट्यात विश्वासू नसलेला माणूस रविवारी कितीही मोठ्यानं गायला तरी पिस्तिस पूर्ण होत नाही.

पाळकसाहेबांचा ‘जिवंत विश्वास’ याकोबाच्या पत्रातून येतो, क्रियांशिवाय विश्वास निर्जीव आहे तिथून. याकोबाचं उदाहरण तर एकदम आपल्या दारातलं आहे, भाऊ उघडा आहे, उपाशी आहे आणि आपण त्याला ‘सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ असं नुसतं तोंडानं म्हणतो. शब्द बरोबर आहे, पण हल्ली ‘जिवंत’ म्हटलं की मुलांना जोशात चाललेली उपासना आठवते, कीबोर्ड ड्रम वगैरे. त्या अर्थानं वाचला जाईल म्हणून मी निष्कपटच धरेन.

प्रश्नकर्ती

किती छान सांगितलंत काका. एक शंका, मुलं विचारतील की आम्ही तर जन्मापासून ख्रिस्ती, लहानपणीच बाप्तिस्मा झालाय, आम्ही कुठं सोंग करतोय? त्यांना काय सांगू?

केडगावजवळची

त्यांना पंडिता रमाबाईंचं सांगा. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या भगिनी (ख्रिस्ती संन्यासिनी) सांभाळतात हे त्यांनी पाहिलं होतं आणि हे कशामुळे असं विचारल्यावर त्यांना येशू शोमरोनी बाईला भेटतो ती बायबलमधली गोष्ट वाचून दाखवली गेली. तिथं मन वळलं. तरीही नंतर स्वतःच्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्या सोंग करत नव्हत्या हो, पूर्ण मनानं शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवत होत्या, टीका झेलत होत्या. म्हणून ‘नामधारी ख्रिस्ती’ हा शब्द आपण दुसऱ्यावर फेकतो ना, तो मला आवडत नाही, कारण नाव आधी आणि ओळख नंतर हे रमाबाईंच्याही बाबतीत झालं. पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांची ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी राहिली. शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, अडाणी बाईलाही वाचून कळावं म्हणून.

नगरी

‘विश्वास जगा’बद्दल कोणीच बोललं नाही. ‘जगणे’ला मराठीत असं कर्म फार तर ‘आयुष्य जगणे’पर्यंत. विश्वास जगा हे इंग्रजीतून जसंच्या तसं उचललंय. आपल्याकडे या अर्थाला ‘चालणे’ आहे. ‘बोले तैसा चाले’ घराघरात म्हणतात, चालचलन, चालीरीती सगळं त्यातलंच. आणि बायबलमध्येही ‘आम्ही विश्वासाने चालतो’ असंच आहे. तेव्हा ‘विश्वासाने चाला’ लिहा.

जुना वाचक

अगदी बरोबर. आणि चालणं म्हटलं की एकदम पोचणं अपेक्षित नसतं हेही मुलांना दिसेल. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या दबावाखाली हो म्हटलं नाही. आधी त्यांच्या मनातून सोवळंओवळं गेलं, कुणाच्याही हातचं खायचं प्यायचं ठरलं, मग बाप्तिस्मा. हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी इतकं साधं लिहिलंय की मेळाव्यात नुसतं वाचून दाखवलं तरी चालेल. नंतर मुलांना एवढंच विचारा, लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जे सोडलं ते आपल्या घरात स्थळ बघताना अजून का विचारलं जातं? मूळचे कोण, म्हणजे आधीची जात कुठली, हा प्रश्न मंडळीतल्या किती लग्नांच्या आधी येतो हे सगळ्यांना माहीत आहे. निष्कपट शब्दाची खरी चर्चा तिथंच होईल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पोस्टरवर ‘निष्कपट विश्वास’ मोठ्या अक्षरात आणि खाली ‘विश्वासाने चाला’ असं पाळकसाहेबांना आत्ताच कळवलंय, त्यांना पटलं. लक्ष्मीबाईंचं वाचन शनिवारी फक्त मुलांपुढे न ठेवता रविवारच्या उपासनेनंतर ठेवते, तेव्हा आईवडीलपण असतात.